राखण उठली

गल्लीत पुन्हा मांडवाचे खांब पडलेत. सकाळी दूध आणायला निघालो तर दारातच लोखंडी पाइपांचा ढीग, आणि त्यावर एक कुत्रं तंगडी वर करून आपलं काम उरकत होतं. मी हाकललं नाही. म्हटलं, उरक बाबा. शेजारच्या पोराची हळद आहे. आता पाऊस लागेपर्यंत असंच चालणार. एक मांडव उतरायचा, दुसरा चढायचा.

लगीनसराई आली की आमच्या घणसोली गावाचा वास बदलतो. धुऊन गच्चीवर पसरलेल्या तांदळाचा वास, ओल्या हळदीचा, मटणाच्या मसाल्याचा, आणि ओहोटी लागली की टॉवरांच्या मधल्या फटीतून येणारा खाडीच्या चिखलाचा. मला हे सगळे वास आवडायचे. यंदा ते दारापर्यंत येतात आणि परत जातात. घरात घेणारं कोणी नाही.

मी पोरगा होतो तेव्हा हेच दिवस मिठाचे. आता जिथं सेक्टर आहेत तिथं मिठागरं होती. ऊन चढत जायचं, पाणी आटत जायचं, खाली मीठ धरायचं. लाकडी फळीनं ते ओढून ढीग लावायचे. टाचांना भेगा, भेगांत मीठ. बांधावर मुकादम उभा. त्याच्याइतकी घाण शिवी मी नंतर कुठं ऐकली नाही, कंपनीत सगळी हयात काढली तिथंसुद्धा नाही. चौथीला शाळा सुटली. पुढचं शिक्षण त्या मुकादमाच्या तोंडून झालं. त्याची एक खास शिवी होती, आई, बाप, पाणी आणि मीठ असं सगळं एकात गोवलेली. ती इथं लिहीत नाही. पण ती होती एवढं ध्यानात असू द्या.

मिठाच्या लगीनसराया आता फारशा आठवत नाहीत. आठवते ती तीन वर्षांपूर्वीची. माझी बायको हिरा जिवंत होती, वरच्या खोलीत वैशाली नवीनच भाड्यानं राहायला आली होती, आणि त्या दोघींनी मिळून गावात राखण बसवली. ती राखण गेल्या आठवड्यात उठली. तिच्याबरोबर हिराचा आवाज गेला. माणूस गेलंच होतं, आता आवाजही गेला. म्हणून लिहायला बसलो.

राखण काय ते सांगतो. आमच्या गावाचा फोनवर एक ग्रुप आहे. मयत, बारसं, पाणी कधी येणार, हळदीचं आमंत्रण, सगळं त्यावर. आणि शिव्या. कोणाला हळदीला बोलावलं नाही यावरून शिव्या, गाडी कोणी कुठं लावली यावरून शिव्या. त्याच ग्रुपात सुना, नाती, शाळेतल्या पोरी, आणि बापे, म्हणजे गावातले पुरुष, तोंडाला येईल ते लिहिणार. वैशालीनं एक प्रोग्राम बनवला. तो माणसासारखा मेंबर होऊन ग्रुपात बसायचा. कोणी घाण लिहिली की पुसायचा, आणि लिहिणाऱ्याला समज द्यायचा. एवढंच त्याचं काम. त्याला ती इंग्रजीत काहीतरी म्हणायची, पण नाव मराठीत ठेवलं होतं, राखण.

वैशाली साताऱ्याकडची. बाप तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहून रिटायर झालेला. ही महाप्याला मोठ्या कंपनीत होती. ती नोकरी सोडून दिवसभर वर खोलीत एकटीच लॅपटॉपपुढं. हिराला चैन पडेना. 

"पोरगी करते काय वर? पापड लाटते काय?" मला विचारायची. मग एक दिवस तळलेले बोंबील ताटलीत घेऊन जिना चढली. मी मागोमाग गेलो, बोंबलांसाठी.

"काय करतेस गो बाय?"

"मावशी, ग्रुपमध्ये घाण बोलतात ना, त्यांना गप्प करणारं एक टूल बनवतेय."

"त्याला मशीन कनाला? मना बोलवाचं."

खोटं नव्हतं ते. हिरानं बाजारात मच्छी विकण्यात जन्म घातला. अख्ख्या गावाचे बापे लहानपणी तिच्या पाटीभोवती खेळलेले आणि तिच्याकडून कान उपटून घेतलेले. पण ती काही देवमाणूस नव्हती. राखण कशासाठी आहे हे कळल्याबरोबर पहिलं तिनं काय केलं? बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या पारूबाईचं नाव पुढं केलं. दोघींचं बसायच्या जागेवरून जुनं वैर.

"बाय, त्या पारीचं तोंड पयलं बंद कर."

"त्यांनी काय घाण लिहिलंय का, मावशी?"

"अजून नाय. लिवील ना ती."

वैशाली हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. म्हणाली, "मावशी, तुमचं भांडण मशीनला लावू नका. उद्या त्या येतील तुमचं तोंड बंद करायला." हिरा फणकाऱ्यानं खाली आली. दोन दिवस वर मच्छी गेली नाही.

राखण बसली ती ऐन लगीनसराईत, आणि पहिल्याच हळदीला तिनं घोटाळा केला. आमच्यात विहिणीला गाण्यातून शिव्या घालतात. नवरीकडच्या बायका गातात, विहीण काळी, विहीण खादाड, विहिणीचं हे आणि विहिणीचं ते. पोरींनी हौसेनं ती गाणी लिहून ग्रुपवर टाकली. राखणेला काय ठाऊक? तिनं एकूणएक पुसली. संध्याकाळी नवरदेवाची आई फुगून बसली, हळदीचं ताट पुढं सरकू देईना. 

"आमच्या वाटनीच्या शिव्या गेल्या कुठं? तुमच्या थोरलीच्या लग्नात त्या विहिणीला पोटभर दिल्या, आनि मना एक नाय? मी काय कोनाच्या खिजगनतीत नाय?"

लोक हसतील, पण आमच्याकडं हे हसण्यावारी न्यायचं नसतं. शिवी नाही म्हणजे मान नाही. शेवटी हिरा आणि पारूबाई, दोघी वैरिणी, मांडवात एका चटईवर बसल्या आणि त्या बाईला समोरासमोर गाण्यातून अशा काही शिव्या घातल्या की तिचा चेहरा उजळला. वैशाली कोपऱ्यात कपाळाला हात लावून. हिरानं जाता जाता तिच्या गालाला हळद फासली. "तुजं मशीन शिकल गो. लहान हाय अजून." मग दोघींनी बसून राखणेला सांगितलं, की लगीनसराईत विहिणीला हात लावायचा नाही.

दुसरी भानगड अशी की राखणेची समज कोणी मनावर घेत नव्हतं. शिवी पुसली की ती लिहायची, 'आपला संदेश ग्रुपच्या नियमांत बसत नसल्याने काढून टाकण्यात आला आहे.' हे वाचून कोण घाबरतं? आमच्याकडं हळदीला डीजे लावणारा एक नंदू आहे, तोंड म्हणजे गटारच. तो तेच वाक्य उचलून त्याला शिव्या जोडायचा आणि परत टाकायचा. गाव हसायचं. तेव्हा वैशालीच्या डोक्यात आलं की समज हिराच्या आवाजात द्यायची.

ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. शेजारी मांडव ठोकत होते, हातोड्याचा ठणठणाट. लांब कोणाच्या तरी घरी बायका धवले, लग्नातली गाणी, गात होत्या. वरच्या खोलीत पंखा फुल. वैशालीनं फोन हिराच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाली, "मावशी, ओरडा." हिरा फोनकडं बघत राहिली.

"कोनाला ओरडू? समोर कोन पायजे ना."

"मला ओरडा."

"तुला कनाला? तू काय केलंस?"

काही केल्या जमेना. जिनं आयुष्यभर बाजार गाजवला ती शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरीसारखी गप्प. मग म्हणाली, "यांना उभं कर समोर. आनि अवो, तुमी कायतरी घान बोला. मंग येतो मना राग."

मी काय बोलणार? चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्यासमोर मी कधी घाण बोललो नव्हतो. बाहेर बोलायचो, घरात चप्पल काढतात तशी ती दाराबाहेर काढून ठेवायचो. पण पोरगी फोन धरून ताटकळत होती. मी डोळे मिटले आणि मुकादमाची ती शिवी दिली. आई, बाप, पाणी, मीठ, सगळी.

 आणि मग हिरा, "ए! तोंड आवर! हितं पोरीबाली हायत! बोलाचा हाय त सरल बोल!"

लग्न झाल्यापासून मला 'अवो'शिवाय हाक न मारलेली बाई मला 'ए' म्हणाली. मी दचकून खरोखर एक पाऊल मागं सरकलो. मग तिला स्वतःलाच हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला, वैशाली जमिनीवर बसली, आणि मी वेड्यासारखा उभा.

तेच राखणेत बसवलं. हसणं कापून. मागचा हातोडा आणि धवले मात्र तसेच राहिले, ते निघत नव्हते म्हणे. त्यामुळं झालं असं, की पुढं श्रावणात कोणी शिवी दिली काय किंवा थंडीत दिली काय, हिराचा आवाज यायचा तो मांडवाची ठोकाठोक घेऊन यायचा. ऐन पावसात, छत गळत असताना, फोनमधून लगीनसराई ऐकू यायची.

आणि गाव गप्प झालं की हो! हिराच्या आवाजातली पहिली समज नंदूला पडली. त्यानं शिवी लिहिली, शिवी गायब, खाली आवाजाचं बटण. त्यानं सहज दाबलं, आणि आजूबाजूला त्याच्या डीजेची पोरं. "ए! तोंड आवर!" ऐकून तो ताडकन उभा राहिला म्हणे. पोरं त्याला आठवडाभर "हितं पोरीबाली हायत" करून छळत होती. 

मग इतरांनी राखण मागून घेतली. वैशालीच्या गावाकडं गेली, बचतगटाच्या बायकांत गेली, माझा मुलगा राहतो त्या कामोठ्याच्या सोसायट्यांत गेली. तिथं आधी शुद्ध बोलणाऱ्या बाईचा आवाज ठेवला होता, त्याला कोणी जुमानेना. शेवटी हिराचाच मागितला. ज्यांनी तिच्याकडून कधी मच्छी घेतली नाही असे लोक पार्किंगवरून भांडताना तिच्या शिव्या खाऊन गप्प बसायचे. हिराला सांगितलं तर पाटीवरची चिंबोरी बांधता बांधता म्हणाली, "तिकडं पन मीच? मंग हितं बाजारात कोन बसल?"

सगळ्यांना वाटायचं ती आपल्याला ओरडते. मला ठाऊक होतं ती कोणाला ओरडली होती.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. साखरेनं आधी पाय नेला, मग तिला. फार लिहीत नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

दहाव्याच्या आतली गोष्ट. ग्रुपवर हिराचा फोटो टाकला होता, खाली लोक भावपूर्ण श्रद्धांजली लिहीत होते. जोडलेले हात, फुलं, परत जोडलेले हात. त्यातच नंदूनं आणि त्याच्या चुलतभावानं गटाराच्या पाण्यावरून एकमेकांना धरलं. श्रद्धांजलीच्या खाली. एकानं शिवी दिली. ती पुसली गेली, आणि हिराच्या फोटोखाली हिराचा आवाज आला. 

"ए! तोंड आवर!"

गावाची फाटली. एक बाई म्हणे देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. कोणी लिहिलं ग्रुप बाधला, कोणी लिहिलं भगताला विचारा. मी ओसरीत भिंतीला टेकून बसलेलो, मुलानं ऐकवला. मला भीती नाही वाटली. माझ्या मनात आलं, बघ, हिला इथंही कामाला लावलीत.

पारूबाई तशीच तणतणत आली. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, मेली तरी हिचं तोंड चालूच हाय." आणि उंबऱ्यावर बसून रडली. तिच्याइतकं कोणी रडलं नाही, आमची सून धरून. 

संध्याकाळी वैशाली खाली आली. तिचे डोळे सुजलेले. "काका, आवाज काढून टाकू का? मला सुचलंच नाही. माफ करा."

"ठेव," मी बोललो. "राहू दे तिला."

तेव्हापासून मी ग्रुप बघायला लागलो. आधी कधी बघायचो नाही. आता सकाळी चहा घेतला की ओसरीत बसून बघायचो, कोणी शिवी दिली का. दिली असली की बरं वाटायचं. हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

आता राखण का उठली ते. एक कारण असतं तर एकालाच शिव्या दिल्या असत्या.

मधे वॉर्डाची निवडणूक आली. दोन्हीकडचे लोक वैशालीच्या खोलीवर. एक म्हणतो आमचं तेवढं जाऊ दे, दुसरा म्हणतो त्यांचं तेवढं अडव. तिनं दोघांना चहा पाजला आणि दोघांना नाही म्हटलं. मग दोघांचं एकमत झालं, की बाहेरून आलेली पोरगी आम्हाला बोलायला शिकवते. ज्या ग्रुपांत राखण नव्हती तिथं तिचा फोटो फिरला. फोटोखाली काय लिहिलं होतं ते मी वाचलं. मुकादमालाही सुचलं नसतं. ज्या पोरीनं गावातल्या पोरीबाळींवरची घाण पुसली, तिच्यावरची पुसायला तिथं कोणी नव्हतं. हळदीला नाचणाऱ्या, देवळात घंटा वाजवणाऱ्या हातांनीच तो फोटो पुढं सरकवला. मी ओळखतो ते हात.

 वैशाली जिन्यावरून जाताना खाली बघून जायची, एवढंच.

मग ज्यांचं ते ॲप, त्या परदेशातल्या कंपनीनं नियम बदलले. असे एकेकट्या माणसांनी बनवलेले प्रोग्राम आतून बसायचे ते दार त्यांनी बंद केलं. परत बसवायचं तर सगळं नव्यानं बांधायचं, त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या अटींवर. वैशाली ओसरीत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, जमेल मला. पण जीव नाही राहिला. कोणासाठी परत बांधू?"

मी म्हणायला हवं होतं का, माझ्यासाठी बांध? तिनं बांधली असती. पण तिचा चेहरा बघितला. थकलेल्या माणसाला पाणी विचारतात, काम सांगत नाहीत. मी पाणी आणून दिलं.

लहानपणी भाताच्या शेतात माळ्यावर बसून मी पाखरं राखायचो. गोफण हातात, दिवसभर हो हो करत. मळणी झाली की सगळे भाताच्या राशीकडं बघायचे. माळ्याकडं कोण बघतंय? माळ्याची लाकडं चुलीत जायची. राखणाऱ्याचं काम दिसत नाही, हीच त्याची खोट. ते नीट झालं तर शेत शांत असतं, आणि शांत शेत बघून मालकाला वाटतं, पाखरं नव्हतीच.

वैशालीनं ग्रुपवर रीतसर लिहिलं, राखण अमुक दिवशी संध्याकाळी बंद होईल, आजवर साथ दिलीत, आभार. खाली अंगठे. एकानं 'ओके' लिहिलं. त्याखाली लगेच, 'कोलबी आली का बाजारात?' झाला निरोप समारंभ.

कामोठ्याच्या सोसायटीतल्या चेअरमनचा मात्र वैशालीला फोन आला. ती माझ्याजवळच भाजी निवडत बसली होती, स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुम्ही असं अचानक कसं बंद करता? परवानगी कोणाची घेतली?"

"सर, माझंच आहे ते."

"तुमचं कसं? आमचे मेंबर वापरतात. उद्या पार्किंगवरून मारामारी झाली तर जबाबदार कोण?"

"मारामारी करणारे, सर."

"हे बघा, ॲटिट्यूड नको. ती मच्छीवाली बाई तरी ठेवा. तिला सगळे घाबरतात."

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "ती माझी बायको होती. वारली. आता तुमचं पार्किंग तुमी बघा."  चेअरमन म्हणाला, "सॉरी, पण काही पर्याय?" मी फोन ठेवून दिला. वैशाली त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसली. मी नाही हसलो.

त्याच दिवशी तिनं माझ्या फोनात एक फाईल टाकली. म्हणाली, "काका, मावशींचा आवाज आहे, पूर्ण. मी हसणं कापलं होतं ना, तेपण आहे यात. कधीही ऐका." मुलगाही कामोठ्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, फाईल आहे ना, मग टेन्शन काय?"

त्याला कसं समजवायचं? फाईलमधली हिरा मी म्हणेन तेव्हा बोलणार. ती माझ्या म्हणण्यावर बोलणारी बाई नव्हती. ग्रुपवरचा आवाजही बटण दाबूनच लागायचा, एवढं मलाही कळतं. पण तिथं ती आधीच बोललेली असायची. कोणीतरी काहीतरी केलेलं असायचं, आणि हिरानं मधे पडून त्याला झापलेलं असायचं. मी नुसता मागून ऐकायचो, ओसरीत बसून बाजारातला तिचा आवाज ऐकावा तसा. ती कामावर होती. फाईलमध्ये ती फोटोसारखी. फोटो आहे की भिंतीवर, हार घातलेला. मी ती फाईल उघडली नाही.

शेवटचा आठवडा मी फोन हातातून सोडला नाही. म्हटलं, द्या रे कोणीतरी एक शिवी. आणि बघा या गावाचा गुण. तीन वर्षं ज्यांनी तोंड आवरलं नाही, ते नेमके त्या आठवड्यात संत झाले. लगीनसराई सुरू झालेली. पिवळीधम्मक तोंडं, नवरदेवाचे फोटो, बदाम, अभिनंदन, खूप खूप शुभेच्छा. नंदूनं तर गुलाबाच्या फुलावर सुप्रभात पाठवलं. मी त्या गुलाबाकडं बघून मनात काय म्हटलं ते राखणेनं पुसलं असतं.

शेवटच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा माझा धीर सुटला. दिवेलागणीला बंद होणार होती. समोर मांडव ठोकायला सुरुवात झालेली. मी ग्रुपवर आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. चष्मा लावला, एका बोटानं एकेक अक्षर शोधून मुकादमाची ती शिवी लिहिली. सगळी, आई, बाप, पाणी, मीठ. एकाही अक्षराची काटछाट न करता. आणि पाठवली.

डोळ्यांदेखत पुसली गेली. कोणी वाचलीसुद्धा नसेल. खाली हिरा आली.

"ए! तोंड आवर! हितं पोरीबाली हायत! बोलाचा हाय त सरल बोल!"

मागं हातोडा ठणठणत होता. तो फोनमधला की गल्लीतला, मला कळलं नाही. दोन्ही मिळून एकच झालं होतं. मी ओसरीत बसल्या जागी पुन्हा एकदा दचकलो.

दिवेलागण झाली. वरच्या खोलीतला दिवा लागला, थोड्या वेळानं विझला. ग्रुपच्या मेंबरांत राखण होती तिथं खाली बारीक अक्षरांत आलं, राखण बाहेर पडली. एखाद्या सुनेनं घर सोडावं तसं वाटलं. वैशाली आता परत महाप्याला नोकरीला जाते. सकाळी डबा घेऊन खाली उतरते, "येते काका" म्हणते. तिला मी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतला आणि सवयीनं फोन उघडला. मग काय मनात आलं कोण जाणे, मी तीच शिवी परत लिहिली. या वेळी हात चांगला चालला. पाठवली आणि वाट बघत राहिलो.

ती तिथंच राहिली.

थोड्या वेळानं खाली अंगठे यायला लागले. मग हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं. नंदूनं लिहिलं, 'काका एक नंबर!' अजून एकानं लिहिलं, 'जुनी माणसं जुनी माणसं, ऐकतच राहावं.' पारूबाईनं तेवढं काही लिहिलं नाही. पोरीबाळींनी वाचली असणार, सुनांनी वाचली असणार. माझ्या नातीनं कामोठ्यात वाचली असणार. दुपारी बाजारातून आलो तर मांडववाली पोरं मला बघून हसत होती, आपुलकीनं, खांद्यावर हात टाकायच्या बेतात.

अजूनही ती शिवी तिथं आहे. पुसायची कशी ते मला येत नाही, आणि येत असतं तरी पुसली नसती. वर वर बघत गेलं की सापडते, हळदीच्या फोटोंच्या मधे, माझ्या नावासकट. एवढ्या मोठ्या गावात मला गप्प बस म्हणणारं आता कोणी उरलं नाही.